आत काही ठेवू नये

माझे सासरे, मामा, शिक्का मारायच्या आधी प्रत्येक अंतर्देशीय पत्रावरून अंगठा फिरवायचे. आधी आडवा, मग घडीवरून खाली. १९९४ साली लग्न होऊन मी परभणीजवळच्या पिंगळीला आले तेव्हा आमच्या ढाळजेतच, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, ब्रँच पोष्ट होतं. एक लाकडी टेबल, पितळी ताजवा, शाईची गादी, लोखंडी शिक्का आणि भिंतीला लावलेली कुलपाची पेटी, एवढाच संसार. चहा घेऊन गेलं की मामांचा तो अंगठा दिसायचा. मला वाटायचं, पत्र नीट चिकटलंय का ते बघतात. एकदा विचारलं तर त्यांनी निळं पत्र माझ्याच हातात दिलं. "बघ बरं, काही लागतंय का?"

लागत होतं. मधल्या घडीत चिमूटभर काहीतरी रवाळ.

"अंगारा हाय," मामा म्हणाले. "माय लेकराला पुण्याला धाडायली. चालत नाही ते."

अंतर्देशीय पत्रावर छापलेलंच असतं, आत काही ठेवू नये म्हणून. ठेवलं तर ते अंतर्देशीय राहत नाही, पाकिटात जमा होतं. मग तिकीट कमी पडतं, पत्र बैरंग होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. आईच्या अंगाऱ्याचा दंड पुण्यात मुलानं भरायचा! मामांनी पत्र उभं धरून टेबलावर दोनदा आपटलं. कडेच्या फटीतून अंगारा खालच्या कागदावर आला. त्याची पुडी बांधून त्यांनी ती पायरीवर बसलेल्या बाईला परत दिली आणि मग शिक्का मारला. बाईही काही बोलली नाही. तिनं पुडीतला अंगारा मामांच्याच कपाळाला लावला आणि गेली.

आठेक वर्षांनी मी परभणीतल्या एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळायला लागले आणि बावीस वर्षं तोच सांभाळला. कुणाला मेलसोबत फाइल जोडता येईल, कुणाला संस्थेबाहेर पत्र पाठवता येईल, कुणाला एका वेळी पन्नास जणांना पाठवता येईल आणि कुणाला आलेलं पत्र पुढं ढकलता येईल, हे सगळं माझ्या टेबलावर ठरायचं. खरं तर ठरायचं साहेबांच्या टेबलावर, पण शिव्या माझ्या टेबलावर पडायच्या. लोक मला 'मेलवाल्या मॅडम' म्हणायचे. या कामाचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या प्रयोगशाळेतून सुरुवात करतात. मी मात्र हे काम अंगठ्यानं करताना आधी पाहिलं होतं, म्हणून मी ढाळजेतून सुरू करते.

मामांचे वडील, आबा, मला पाहायला मिळाले नाहीत, पण त्यांची पत्र्याची ट्रंक घरात होती. तिच्यात एका पाकिटात दोन राज्यांची तिकिटं निघाली. पिंगळी तेव्हा निजामाच्या मुलखात होती आणि हैदराबाद संस्थानाचं टपालखातं स्वतःचं होतं. संस्थानाचं पहिलं तिकीट १८६९ साली निघालं. पुढच्या तिकिटांवर किंमत चार भाषांत असायची: उर्दू, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू. दिसायला तिकीट मोठं देखणं, पण चालायचं फक्त संस्थानाच्या हद्दीत. पुण्या-मुंबईला पत्र धाडायचं तर इंग्रज सरकारचं तिकीट लागायचं आणि त्यासाठी संस्थानात इंग्रजांची वेगळी पोष्टं होती. नाणंही वेगळंच. घरात हाली शिक्का आणि बाहेरच्या व्यवहाराला कलदार. पिंगळीच्या माणसाला साडेतीनशे किलोमीटरवरचं हैदराबाद घरातलं आणि त्याहून जवळचं अहमदनगर परक्या राज्यातलं.

आमच्या गावाचं रेल्वे स्टेशन परभणी आणि पूर्णेच्या मधलं. निजामाच्या रेल्वेनं हैदराबादहून मनमाडला नेलेली ही मीटरगेज विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. मनमाड इंग्रजांच्या हद्दीत. म्हणजे पिंगळीला गाडीत बसलेला माणूस थेट दुसऱ्या राज्यात उतरू शकत होता, पण त्याच्या खिशातलं तिकीट लावलेलं पत्र तिथल्या पेटीत टाकून उपयोग नव्हता. आबांची रीत साधी होती, असं मामा सांगत. बाहेरच्या पत्राला कलदार तिकीट आणि आतल्या पत्राला निजामाचं, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या पाकिटांत. ट्रंकेत ती एकत्र कशी आली ते मामांनाही सांगता आलं नाही.

माझ्या सर्व्हरवर अशी तीसेक खाती होती: पत्र आत कुणालाही पाठवा, संस्थेच्या नावाबाहेरचा पत्ता लिहिला की परत. रोजंदारीवरचे, प्रशिक्षणाला आलेले, भांडारातले. त्यांची तक्रार आली की मला निजामाचं तिकीट आठवायचं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, पण टपाल भारतीय खात्यात मिसळलं ते १ एप्रिल १९५० ला. राज्य गेल्यावरही दीड वर्ष तिकीट चालू होतं. मामा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे शाळेतली उर्दू कमी झाली आणि पुण्याच्या आत्याला साध्या तिकिटावर पत्र जाऊ लागलं.

नंतरचं भारतीय टपाल तरी सगळ्यांना सारखं कुठं होतं? पोस्टकार्ड सर्वांत स्वस्त, पण ते वाटेत कुणीही वाचावं. अंतर्देशीय झाकलेलं, पण आत काही ठेवायचं नाही. पाकिटात ठेवा, पण ताजव्यावर चढवा. बुकपोस्ट स्वस्तात जाई, कारण त्याचं तोंड उघडं ठेवावं लागे आणि आत छापील मजकूरच चाले. दिवाळीच्या भेटकार्डावर शुभेच्छेचे मोजके शब्द लिहिले तर ठीक. 'कापसाला भाव काय मिळाला ते कळव' असं एक वाक्य त्याखाली घातलं की ते पत्र झालं. मामा दिवाळीत उघड्या पाकिटांतली कार्डं काढून बघायचे आणि मला त्याचा राग यायचा. लोकांचं काय वाचायचं ते? मामा म्हणायचे, "मी वाचीत नाही, मोजितो." पोचपावती हवी तर रजिस्टर करा आणि वेगळे पैसे मोजा. 'सर्व्हिस' छापलेलं तिकीट तर फक्त सरकारी कचेरीला. एकच थैली, एकच गाडी, एकच पोष्टमन, पण कुणाच्या पत्राला काय करता येईल हे आधीच ठरलेलं.

खुद्द मामांनाही सगळं उघडं नव्हतंच. बचत खात्यातून ठरावीक रकमेच्या वर पैसे काढायचे तर परभणीची मंजुरी लागायची. खात्याच्या भाषेत ते 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' ब्रँच पोष्टमास्तर. म्हणजे काम खात्याचं, पण माणूस खात्यातला नव्हे. त्याला पोटापाण्याचं दुसरं साधन असावं आणि ऑफिसला जागा त्यानं स्वतःची द्यावी, ही अट. आमची आठ एकर जमीन होती म्हणून मामांना पोष्ट मिळालं. पुढं माझी नेमणूकही तसलीच निघाली, अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. त्या एका दिवशी मी कागदोपत्री संस्थेची कुणी नसायची आणि चारशे माणसांच्या मेलचा पासवर्ड माझ्या पर्समध्ये असायचा. पहिल्या वर्षी मी तो पाकिटात घालून, लाख लावून कार्यालयात जमा केला. पाकीट कुणी उघडलं नाही, परत कुणी दिलंही नाही. दुसऱ्या वर्षापासून ते नाटक मी सोडून दिलं.

संगणकाच्या आधीचा एक टप्पा मात्र सांगायलाच हवा, कारण आमच्या धंद्यातला शब्द तिथून आला. जुन्या कचेऱ्यांमध्ये काळ्या फोनच्या फिरत्या तबकडीला, बोट घालायच्या भोकात एक छोटं कुलूप लावलेलं असे. आलेला फोन घेता येई, लावता येत नसे. पण तबकडी फिरली की ती करते काय, तर लाइन तेवढ्या वेळा तोडून जोडते. ज्या खटक्यावर रिसीव्हर ठेवतात तो टकटक दाबला तरी तेच होतं. पाचासाठी पाच वेळा, शून्यासाठी दहा वेळा. आमच्या संस्थेतल्या जुन्या शिपायांना ही विद्या पाठ होती. त्यातले एक काका खटका दाबून परभणीहून थेट नांदेड लावायचे आणि मधे एकही ठोका चुकायचा नाही.

मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं आणि कुलूप तबकडीवरून आतल्या यंत्रात गेलं. प्रत्येक फोनला एक वर्ग दिलेला असायचा: हा फक्त आतल्या आत, हा शून्य दाबून गावात, हा एसटीडीपर्यंत. या वर्गाला 'क्लास ऑफ सर्व्हिस' म्हणत. कुणाच्या टेबलावरचा फोन शून्य उचलतो यावरून कचेरीत माणसाची पत कळायची. बढतीची ऑर्डर यायच्या आधी शून्य यायचं. झिम्ब्रा नावाचा मेल सर्व्हर पुढं निघाला तेव्हा त्यातही कुणाला कॅलेंडर, कुणाला फॉरवर्ड, कुणाला किती जागा हे ठरवणाऱ्या साच्याचं नाव 'क्लास ऑफ सर्व्हिस' असंच होतं. मी ते पहिल्यांदा वाचलं आणि मला ते टकटक दाबणारे काका आठवले.

भारतात ई-मेल आली तीही अशीच, आखूड दोरीनं बांधलेली. १९८६ साली अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सुरू झालं. त्यात मुंबईतली जुहूची एनसीएसटी, आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था होती. सुरुवातीला टेलिफोनच्या लाइनवरून एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी आणि साठलेली पत्रं उतरवून घेई. पत्रापलीकडं फारसं काही चालत नसे, आणि तेही या संस्थांतल्या माणसांनाच. दशकाच्या अखेरीस एनआयसी या सरकारी संस्थेचं जाळं उपग्रहावरून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलं, पण ते कलेक्टर कचेरीच्या आत. सर्वसामान्यांना दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं. त्या दारालाही दोन फळ्या होत्या. 'शेल' खातं घेतलं तर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसत, पत्रं 'पाइन' नावाच्या प्रोग्रॅममध्ये वाचायची आणि चित्र काही दिसायचं नाही. चित्रं बघायची तर 'टीसीपी-आयपी' खातं घ्यायचं, कितीतरी महाग. लाइन तीच, मोडेम तोच. पैसे कमी दिले म्हणून डोळे बांधलेले. बुकपोस्ट आणि पाकीट, दुसरं काय?

फुकटची मेल आली म्हणून हा प्रकार थांबला असंही नाही. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल काढली. ब्राउझर असेल तिथून पत्र वाचता यावं ही कल्पना नामी, पण जागा २ एमबी. परभणीच्या सायबर कॅफेत आम्ही जुनी पत्रं पुसून नव्यांना जागा करायचो. याहूनं एप्रिल २००२ मध्ये फुकट खात्यांची मेल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेण्याची सोय काढून घेतली; हवी तर पैसे भरा. रेडिफमेलवरही ती सोय पैसेवाल्यांनाच होती. १ एप्रिल २००४ ला गूगलनं एकदम १ जीबी जागा देऊ केली तेव्हा तारीख बघून लोकांना थट्टा वाटली.

आमचा सर्व्हर २००२ मध्ये बसला. एक लिनक्सचं यंत्र, त्यावर सेंडमेल आणि वाचायला स्क्विरलमेल. स्क्विरलमेल दिसायला अगदी साधी होती, जत्रेत मिळणाऱ्या पंचांगासारखी, रकाने आणि रेघा. पण ती कुठल्याही जुन्या संगणकावर उघडायची आणि आमची लाइन होती ६४ केबीपीएसची. त्या लाइनीवर शंभरेक संगणक. १ एमबीची फाइल मेलला जोडली की ती मेलच्या नियमानं अक्षरांत गुंडाळावी लागते आणि तिचं वजन तिसऱ्या हिश्श्यानं वाढतं. अशी एक मेल बाहेर जायला, लाइनीवर दुसरं कुणी नसेल तरी, पावणेतीन मिनिटं. लोक भांडायला यायचे, "मॅडम, माझी फाइल पावणेदोन एमबीची, तुमची मर्यादा दोनची, मग जात का नाही?" मी सांगायची की पाकिटाचंही वजन धरतात. जुन्या लोकांना ते लगेच पटायचं. नव्यांना पटवायला आकडेमोड करून दाखवावी लागायची.

फाइली जोडण्याची भीती आमच्या आधीपासूनच कचेऱ्यांत शिरली होती. ४ मे २००० ला 'आय लव्ह यू' अशा विषयाची एक मेल जगभर फिरली. सोबतची चिठ्ठी उघडली की ती तुमच्या वहीतल्या सगळ्यांना तुमच्याच नावानं प्रेमपत्र धाडायची. तेव्हापासून नावामागं ठरावीक शेपटी असलेल्या फाइली सर्व्हरवरच अडवायची पद्धत पडली. १८९८ च्या टपाल कायद्यातही असंच कलम होतं: स्फोटक, घातक, घाणेरडं, नीट न झाकलेलं धारदार हत्यार किंवा दुसऱ्या टपालाला इजा करील असा जिवंत प्राणी टपालातून पाठवू नये. मामांना मी विषाणूची मेल समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी जित्तं जनावर."

संस्थेत एक बैठक झाली आणि ठरलं की खालच्या वर्गाच्या खात्यांना जोडणी बंद. स्क्विरलमेलमध्ये माणसागणिक असं काही बंद करायची सरळ सोय नव्हती. मग मी एक शक्कल काढली. तिच्या दोन प्रती दोन पत्त्यांवर बसवल्या आणि एकीला फाइल घेण्याची पीएचपीतली परवानगीच काढून टाकली. तसं केलं की पत्र लिहायच्या पानावरून 'अटॅच'ची ओळ आपोआप नाहीशी व्हायची. रागावलेला लाल संदेश नाही, करडं पडलेलं बटण नाही. ओळच नाही. त्या लोकांना अशी काही सोय असते हेच पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. मला तेव्हा ही मोठी सफाई वाटली होती. आज ती गोष्ट मला खुपते.

खुपण्याचं कारण मराठी. तेव्हा आमचं सगळं मराठी श्रीलिपीत नाही तर आयएसएममध्ये, म्हणजे त्या-त्या प्रणालीच्या खास फॉन्टमध्ये, टाइप व्हायचं. ते मेलच्या चौकटीत चिकटवलं तर पलीकडच्याला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसायचा. म्हणून मराठी पत्र जायचं ते जोडणीनंच. वर्डची फाइल, शेजारी फॉन्टची फाइल, नाहीतर सही-शिक्क्यासकट स्कॅन. जोडणी बंद केली म्हणजे मी मराठी बंद केली होती, आणि हे माझ्या किंवा बैठकीतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आस्थापना शाखेत एक काका होते. टिपणी लिहावी तर त्यांनीच. दोन वाक्यांत प्रकरण उभं करायचे. त्यांची मेल मी एकदा काही कामानं पाहिली. इंग्रजीत चार शब्द: पाठवा, तातडीनं, कृपया, आभार. मी विचारलं, काका, असं काय? ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेटीत एवढंच मावतं."

पुढं युनिकोड आलं. मंगल फॉन्टमध्ये थेट चौकटीत मराठी लिहिता येऊ लागली आणि काकांनी पहिली लांब मेल लिहिली. पलीकडं पोचली ती नुसत्या आकड्यांची. आमच्या स्क्विरलमेलला पश्चिम युरोपच्या अक्षरांचा साचा लावलेला होता. त्यात न बसणारं प्रत्येक अक्षर ब्राउझर आकडा करून पाठवायचा. 'पिंगळी' लिहिलं की जायचं २३४६, २३६७, २३०६, २३२७, २३५५, २३६८ आणि प्रत्येकाच्या मागंपुढं चिन्हं. तारेच्या काळी लग्नाच्या शुभेच्छांची वाक्यं ठरलेली असत. इकडं फॉर्मवर आकडा लिहायचा, तिकडं वाक्य निघायचं. आमच्याकडं वाक्य लिहायचं आणि आकडे निघायचे. दुरुस्ती एका ओळीची होती, साचा बदलायची. ती ओळ सापडायला मला दोन आठवडे लागले.

मामा २००४ मध्ये पासष्टाव्या वर्षी सुटले. त्यांनी चार्ज दिला त्या दिवशीची यादी मी वाचली होती. शिक्का एक, ताजवा एक, वजनं इतकी, थैल्या इतक्या, कुलूप दोन, किल्ल्या तीन. माझ्या कामाची कसली यादीच नव्हती. सगळं माझ्या डोक्यात. मामा म्हणाले, "वही कर. कोणाचं काय बंद, कधी बंद केलं अन् काहून केलं ते लिव." मी लांब वही आणली आणि रकाने पाडले. नाव, पद, जोडणी, बाहेरची मेल, एका वेळी किती जणांना, फॉरवर्ड, जागा, तारीख. शेवटचा रकाना कारणाचा. तो मामांनी सांगितला म्हणून पाडला.

कारणं लिहायला बसले तेव्हा मजा कळली. निम्म्याहून जास्त ठिकाणी खरं कारण 'लाइन लहान' एवढंच होतं. काही ठिकाणी 'साहेबांचं तोंडी'. एकाच ठिकाणी ठणठणीत कारण होतं. एका रात्री कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला आणि त्याच्या नावानं हजारो भामट्या मेल बाहेर पडल्या. सकाळी आमचा सर्व्हर काळ्या यादीत, आणि दोन दिवस संस्थेची साधी पत्रंसुद्धा परत येत होती. त्यानंतर एका वेळी वीसच पत्ते, असा नियम झाला. तो मी अजूनही बदलणार नाही.

आता माझी फजिती. एका विभागाच्या साहेबांचं फर्मान निघालं, आमच्या विभागातून कुणालाही मेल फॉरवर्ड करता येता कामा नये. मी पानावरून 'फॉरवर्ड' काढून टाकलं. आठ दिवसांनी त्या साहेबांनी विभागाला पाठवलेलं गोपनीय पत्र तीन खाती फिरून त्यांच्याच याहूच्या खात्यात येऊन पडलं. मला लेखी खुलासा मागितला. शोधलं तर एका पोरानं टेबलावरच्या संगणकावर आउटलुक एक्स्प्रेस लावून घेतलं होतं आणि आयमॅप नावाच्या वाटेनं मेल त्यात उतरवली होती. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. ऑफिसच्या प्रिंटरचा टोनर संपला होता, म्हणून त्यानं पत्र छापायला घरी पाठवलं. मी बंद केलं होतं ते बटण. सर्व्हरचा आयमॅपचा दरवाजा सताड उघडा होता. फोनच्या तबकडीला कुलूप आणि खटका मोकळा! हसू आलं, पण खुलाशात ते लिहिता येत नव्हतं.

त्यानंतर मी बटणांच्या मागं लागणं सोडलं. पुढच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डवकॉट होते, वाचायला राउंडक्यूब. तिथं त्या विभागाच्या खात्यांना आयमॅप फक्त खुद्द सर्व्हरवरून, म्हणजे वेबमेलमार्गेच, ठेवलं. आपोआप पुढं पाठवण्याचे नियम सर्व्हरवरच बंद केले. राउंडक्यूबमध्ये एक बरी सोय आहे. कोणती मांडणी माणसाला स्वतः बदलता येणार नाही याची यादीच देता येते आणि ते रकाने मग त्याला दिसतही नाहीत. हे सगळं करून साहेबांना दाखवलं. ते खूश झाले. मजकूर निवडून, कॉपी करून नव्या पत्रात चिकटवता येतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारचं ई-मेल धोरण आलं. सरकारी पत्रव्यवहार एनआयसीच्याच मेलवर, नावाचं खातं वेगळं आणि पदाचं वेगळं, सरकारी मेल आपोआप खाजगी खात्याकडं वळवायची नाही. आम्ही त्यात येत नव्हतो, पण आमच्या बैठकीत ते वाचलं गेलं आणि लगेच पदाच्या नावाची खाती काढायचं ठरलं. मला त्यात नवं काही दिसलं नाही. 'सर्व्हिस'चं तिकीट माणसाला नव्हतं, खुर्चीला होतं. माणूस बदलला तरी तिकिटांचा गठ्ठा खणात राहायचा.

२०२४ मध्ये मी काम सोडलं. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार होता, सगळं पडद्यावर बघून समजणारा. तरी मी त्याला वही दिली आणि रकान्या-रकान्यानं चार्ज दिला. भांडार विभागाच्या पानावर तो थांबला. "मॅडम, यांना १ एमबीच का? आता तर फायबर आहे." मी रकाना बघितला. अक्षर माझंच. 'लाइन लहान. तात्पुरतं. १४ ऑगस्ट २००६.' ती ६४ची लाइन जाऊन चौदा वर्षं झाली होती. मधे दोनदा सर्व्हर बदलला आणि दोन्ही वेळा मी ती मर्यादा नव्या यंत्रावर नीट उतरवून घेतली होती, एकही खातं न चुकवता.

"काढू का?" त्यानं विचारलं.

"काढ," मी म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता मी विचारलं, भांडारवाले आता मोठ्या फाइली पाठवतात का? त्यानं तिथल्या तिथं नोंदी काढून पाहिल्या. एकही नाही. १ एमबीच्या वरची सोडाच, जोडणी असलेली मेलसुद्धा त्या विभागातून महिन्यात गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं तिथं जाऊन विचारलं. कोटेशन, पावत्या, मालाचे फोटो, सगळं ते आपापल्या मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवत होते. कधीपासून, तर त्यांना आठवतही नव्हतं.